चवथीत उलटणारी टाकी : अठरा घरांनी मिळून काय करावं

प्रश्न गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या उतारावरच्या एका कॉलनीतून आला आहे. अठरा घरं, सगळ्यांची मिळून एक सेप्टिक टाकी आणि तिचं पाणी जमिनीत मुरवणारा एक शोषखड्डा. बांधून पंधरा वर्षं झाली, बिल्डर केव्हाच निघून गेला. गेले तीन पावसाळे चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुमारास टाकी उलटते आहे. सगळ्यात खालच्या घरात एक वयस्कर जोडपं राहतं. त्यांच्या न्हाणीतून मैलापाणी वर येतं आणि त्यांच्या बांवीच्या (विहिरीच्या) पाण्यालाही वास येऊ लागला आहे. वरच्या घरांना काहीच त्रास नाही, म्हणून ती लक्ष घालत नाहीत. टँकर बोलावून टाकी उपसली, ती चार दिवसांत पुन्हा भरली. एक कंत्राटदार मोठी टाकी बांधा म्हणतो, दुसरा मैलापाणी शुद्ध करणारा यंत्रांचा प्लांट बसवा म्हणतो. कोणाचं ऐकायचं, आणि शेजाऱ्यांना कसं तयार करायचं? सोबत टाकीचे आणि चेंबरांचे फोटो पाठवले आहेत.

ताई, आधी एक विनंती. या दोघांपैकी कोणालाही अजून ॲडव्हान्स देऊ नका. तुमच्या टाकीत बिघाड आहे असं तुमच्या वर्णनावरून मला वाटत नाही. बिघाड पाण्याचा आहे, आणि तो शोधायला पावसाळ्यासारखा दुसरा काळ नाही. गोव्यात ही कामं करता करता मला जवळजवळ तीस वर्षं झाली. सगळ्यात जास्त पैसा वाया गेलेला पाहिला तो मार्च-एप्रिलमध्ये, कोरड्या जमिनीवर घेतलेल्या निर्णयांत.

‘चार दिवसांत पुन्हा भरली’ याने घाबरून जाऊ नका. सेप्टिक टाकी भरलेलीच असायला हवी. घाण पाणी एका बाजूने आत येतं, जड मळ तळाला बसतो, तेलकट मळी वर तरंगते आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी दुसऱ्या बाजूच्या पाइपातून शोषखड्ड्यात जातं. पाणी नेहमी त्या बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी उभं असतं. बघायचं ते एवढंच, की पाणी त्या तोंडाच्या वर चढलंय का. चढलं असेल तर अडचण टाकीच्या पुढे आहे, म्हणजे शोषखड्ड्यात. टाकीतली पातळी बरोबर असून न्हाणीतून पाणी उलटत असेल, तर घरापासून टाकीपर्यंतच्या लाइनीत कुठेतरी तुंबलंय; माडाची मुळं चेंबरच्या सांध्यातून आत शिरलेली मी कितीदा तरी पाहिली आहेत. तुमच्या फोटोत पाइपाचं तोंड दिसतच नाही, ते पाण्याखाली आहे. म्हणजे शोषखड्डा पाणी घेत नाही.

का घेत नाही, ते आपल्या जमिनीत शोधावं लागतं. वर जांभा, सच्छिद्र, भेगांनी भरलेला. त्याखाली चिकणमातीचा थर. जूनमध्ये पाऊस जांभ्यातून सरसर खाली उतरतो, चिकणमातीवर अडतो आणि तिथून वर भरत येतो. वर्षाकाठी आपल्याकडे सुमारे 3,000 मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ऑगस्टपर्यंत उताराच्या पायथ्याच्या बांवी काठाशी येतात. अशा वेळी शोषखड्डाही एक बांवच झालेला असतो. आजूबाजूच्या जमिनीतच पाणी उभं असल्यावर त्यातलं पाणी जाणार कुठे?

हे तपासायला यंत्र लागत नाही. खालच्या घरातल्या बांवीत काठापासून पाणी किती खाली आहे ते दोरीला दगड बांधून मोजा. मग मेस्त्रीकडची पारदर्शक लेव्हल नळी घेऊन बांवीचा काठ आणि शोषखड्ड्याचं झाकण यांच्या उंचीतला फरक काढा, आणि झाकणापासून खड्ड्याचा तळ किती खाली आहे तेही लिहा. बांवीतलं पाणी शोषखड्ड्याच्या तळापेक्षा वर निघालं, तर तो खड्डा आज बुडालेला आहे हे अठराही घरांना वहीतल्या दोन आकड्यांत दाखवता येईल. दर रविवारी मोजा, तारीख लिहा. दिवाळीपर्यंतची ही वही पुढे कुठल्याही इंजिनियरला लाखमोलाची आहे.

आता दुसरं कारण. माझ्या मते तुमच्याकडे तेच मोठं निघेल. हिशेब साधा आहे. माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. पाच माणसांच्या घराचं झालं 540 लिटर, अठरा घरांचं 9,720. आता एकाच घराचं छप्पर घ्या, 100 चौरस मीटरचं. जुलैतल्या एका जोरदार दिवशी 100 मिमी पाऊस पडला, तर त्या एका छपरावरून 10,000 लिटर पाणी उतरतं. एका छपराची पन्हळ चुकून मैल्याच्या चेंबरला जोडलेली असेल, तर त्या दिवशी टाकीत अख्ख्या कॉलनीइतकं जास्तीचं पाणी येतं. जो मळ दिवसभर शांत पाण्यात खाली बसायचा, तो ढवळून वाहत शोषखड्ड्यात जातो आणि दगडांमधल्या फटींवर काळा बुळबुळीत थर चढतो. तो एकदा चढला की उन्हाळ्यातसुद्धा खड्डा पूर्वीसारखा पाणी घेत नाही. दुप्पट मोठी टाकी बांधली, तरी पन्हळीचं पाणी तिच्यातही शिरेलच.

आणि यात चवथ येते. मुंबई-पुण्याची माणसं घरी येतात, चौघांच्या घरात बाराजण असतात, गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली पाय ठेवायला जागा नसते. जमीन वर्षातली सगळ्यात ओली आणि टाकीवर माणसं सगळ्यात जास्त, हे दोन्ही त्याच आठवड्यात गाठ घालतात. तिन्ही वर्षी टाकी चवथीच्या सुमारास उलटली असं तुम्ही लिहिलंत, त्याचं उत्तर हेच. पर्यटकांना भाड्याने दिलेली घरं तुमच्याकडे असतील, तर डिसेंबरमध्येही लहान प्रमाणात तसंच होतं. फक्त तेव्हा जमीन कोरडी असते, म्हणून निभावतं.

शेजाऱ्यांना तयार कसं करायचं, याचं उत्तरही इथेच आहे. फोंडा तालुक्यातल्या अशाच एका उतारावरच्या कॉलनीत आम्ही तीन बैठका घेतल्या. चहा झाला, आवाज चढले, हाती काही लागलं नाही. चौथ्या वेळी मी सांगितलं, बैठक नको, रात्री दोन वाजता शेवटच्या चेंबरपाशी या. पाचजण आले, छत्र्या आणि बॅटऱ्या घेऊन. रात्री दोनला सगळी कॉलनी झोपलेली, कुठे फ्लश नाही की नळ नाही. म्हणजे चेंबर कोरडा असायला हवा. झाकण सरकवलं तर मनगटाएवढी धार वाहत होती. पाणी स्वच्छ, तळाचं सिमेंट दिसत होतं, वास जवळपास नाही, आणि मध्येच एक सुपारीच्या फुलांचा तुरा वाहत आला. कोणी काही बोललं नाही. मग आम्ही एकेक चेंबर उघडत उतार चढत गेलो. प्रत्येक ठिकाणी तीच धार, आणि वरून दुसऱ्या घरापाशी ती थांबली. ते घर एका निवृत्त शिक्षकांचं होतं. ‘माझ्या घराला त्रास नाही, मी पैसे का द्यायचे’ असं तीनही बैठकांत म्हणणारे तेच, आणि छत्री धरून तेही आमच्याबरोबर उभे होते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. गटारापर्यंत चर खणायला नको म्हणून बांधकामाच्या वेळी मेस्त्रीने पन्हळीचा पाइप जवळच्या चेंबरला जोडून टाकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः प्लंबर बोलावला. पुढच्या बैठकीत वर्गणीची यादी त्यांनीच हातात घेतली.

वरच्या घरांना त्रास नसतो, कारण त्यांचं पाणी उतारावरून निघून जातं. त्यांना दोष देऊन काही मिळत नाही. त्यांचं पाणी खाली कोणाच्या न्हाणीत पोचतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहावं लागतं. म्हणून प्रत्येक टप्प्यावर वरच्या दोन घरांतलं कोणीतरी हजर असू द्या. खालच्या आजी-आजोबांना मात्र चेंबरपाशी उभं करून गाऱ्हाणं मांडायला लावू नका. इतकी वर्षं दुसऱ्यांची घाण त्यांच्या घरात आली आहे, त्याची लाज त्यांनाच वाटत असते. ते मी फार घरांत पाहिलं आहे.

दिवसा तपासायचं असेल, तर पाऊस नसताना प्रत्येक घराच्या पन्हळीत बादलीभर रंगीत पाणी ओता आणि खालच्या चेंबरात रंग येतो का ते बघा. अंगणातल्या जाळ्यांचीही तशीच परीक्षा करा. पावसाशिवायही रात्री धार दिसली, तर एखाद्या संडासाची टाकी गळते आहे किंवा फुटक्या पाइपातून जमिनीचं पाणी आत येतं आहे.

झाकण उघडताना मात्र एक गोष्ट पक्की पाळा. चेंबरमध्ये डोकं घालायचं नाही, आणि सेप्टिक टाकीत तर कोणत्याही कारणाने, कितीही थोड्या वेळासाठी, कोणीही उतरायचं नाही. आतल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण वायूचं प्रमाण वाढलं की नाकाला तो वास कळायचाच बंद होतो. वास गेला म्हणून माणूस उतरतो आणि कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. मिथेन असतो, म्हणून काडी पेटवून बघायचं नाही. माणसाला पुरेशा संरक्षणाशिवाय अशा टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केली. स्वस्तात उतरून साफ करून देतो म्हणणारा कोणी आला, तर त्याला परत पाठवा. सक्शन टँकरच बोलवा, आणि मैला सरकारी मलजल प्रकल्पावर रिकामा केल्याची पावती मागा. नाहीतर तुमचा मैला रात्री कुणाच्या तरी शेतात किंवा व्हाळात (ओढ्यात) जाईल.

बांवीचं पाणी आजपासून पिण्यासाठी बंद. तपासून घेईपर्यंत भांडी आणि भाजी धुवायलाही नळाचंच पाणी वापरा. पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा जंतू एकही असता कामा नये, असं भारतीय मानक आहे. जंतू तपासायच्या बाटलीत पाणी काळं पडलं तर धोका समजा, पण प्रयोगशाळेचा कागद घ्याच, तो पुढे लागेल. विहीर आणि मैलापाणी मुरवायची जागा यांत निदान 18 मीटर अंतर ठेवायचं असतं. जांभ्याच्या भेगांतून पाणी सरळ वाट काढतं, त्यामुळे आपल्याकडे 18 मीटरचाही पूर्ण भरवसा धरता येत नाही, आणि बांव उताराच्या खालच्या बाजूला असेल तर मुळीच नाही. ब्लीचिंग पावडर टाकून चार दिवस बरं वाटेल. मूळ वाट बंद झाल्याशिवाय ती बांव पिण्याची होणार नाही.

दुरुस्तीत पहिलं काम पन्हळी तोडून गटाराला जोडायचं. हे ज्याचं त्याने, आपल्या खर्चाने, चवथीआधी. गळणाऱ्या फ्लशच्या टाक्या त्याच आठवड्यात बदला. प्रत्येक स्वयंपाकघराच्या बाहेर तेल अडवणारा छोटा चेंबर बसवा. आपल्या घरात खोबरेल आणि नारळाचा रस रोजचा, ती चरबी थंड झाली की पाइपात गोठते. न्हाणीचं पाणी पूर्वी माडाच्या आळ्यात, केळीच्या बुंध्याशी जायचं. ज्यांच्या परसात जागा आहे त्यांनी नोव्हेंबर ते मे ते पुन्हा तसं सोडलं, तर शोषखड्ड्याला विसावा मिळेल. जंतूंच्या पावडरीवर पैसे घालवू नका. मळातच ते जंतू भरपूर असतात.

एवढं झाल्यावर टाकी बघायची. भर पावसात ती पूर्ण उपसू नका. जमिनीत पाणी उभं असताना रिकाम्या टाकीला खालून दाब बसतो आणि तळ फुटतो, फायबरची टाकी तर उचललीही जाते. पाऊस संपल्यावर उपसा, आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाइपांना टी (इंग्रजी T अक्षरासारखे जोड) आहेत ना, मधली भिंत शाबूत आहे ना ते टँकरवाल्याच्या दिव्यात बाहेरूनच बघा. बाहेरच्या बाजूचा टी मोडला असेल, तर वरची मळी सरळ शोषखड्ड्यात जात होती असं समजा. त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी उपसणं ठरवूनच टाका.

नवा शोषखड्डा खणायचा तर आधी जमिनीची परीक्षा हवी, आणि ती ऑक्टोबरअखेरीस घ्या, जमीन ओली असताना. जिथे पाणी मुरवायचं आहे तिथे हातभर खोल, वीतभर रुंद खड्डा घ्या. बाजू खरवडून तळाला 5 सेंटिमीटर खडी टाका, पाणी भरून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी खडीवर 15 सेंटिमीटर पाणी घालून ते 2.5 सेंटिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते बघा. 30 मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालतो. 30 ते 60 असेल तर खड्डा नको, उथळ लांब चर हवा, त्यात खडी आणि भोकांचा पाइप. 60 च्या वर असेल तर ती जमीन मुरवायची नाहीच. आणि पावसाळ्यात पाणी जमिनीखाली 1.8 मीटरच्या आत येत असेल, तर तो चर जमिनीच्या वर, मातीचा बांध घालून त्यात करतात. एवढ्यासाठीच तुमची रविवारची वही. उताराच्या वरच्या अंगाला मोकळी जागा असेल, तर टाकीतलं पाणी छोट्या पंपाने तिथे चढवून दोन चर आळीपाळीने वापरा, एक काम करेल, दुसरा सुकेल. तुमच्या कॉलनीला माझा पहिला सल्ला हाच असेल. जमीन कुठेच पाणी घेत नसेल, तर सेप्टिक टाकीपुढे पाणी गाळणारी दुसरी टाकी आणि तिच्यानंतर खडीत कर्दळी लावलेला वाफा करता येतो.

यंत्रांच्या प्लांटबद्दल मी स्पष्ट सांगते. तंत्र चांगलं आहे, पण त्याला चोवीस तास हवा लागते, वीज लागते आणि रोज बघणारा माणूस लागतो. अठरा घरांत तो माणूस पहिल्या वर्षी मिळतो, तिसऱ्या वर्षी मिळत नाही. वादळी रात्री वीज गेली की आतले जंतू मरू लागतात. जागा अजिबात नसेल तेव्हाच तिकडे वळा, आणि देखभालीचा करार आधी वाचा. सरकारी मलनिस्सारण वाहिनी तुमच्या रस्त्याने आली असेल किंवा येणार असेल, तर मात्र सगळं बाजूला ठेवून तिला जोडून घ्या. 2001 साली स्थापन झालेलं राज्याचं मलनिस्सारण महामंडळ ही कामं करतं, त्यांच्याकडे सगळ्यांच्या सह्यांचा एक अर्ज द्या.

पैशांचं बोलायचं तर ज्या दिवशी वास येतोय त्याच दिवशी वर्गणी गोळा करा. दिवाळीनंतर टाकी नीट चालू लागते, सगळ्यांना वाटतं झालं बरं, आणि खणायचा डिसेंबर तसाच निघून जातो. सामायिक कामाचा खर्च अठरा घरांत समान वाटा. खोल्या मोजायला बसलात तर वर्ष जाईल. दरवर्षीच्या उपशाच्या खर्चात मात्र भाड्याने दिलेल्या घरांनी जास्त वाटा उचलणं रास्त आहे. खालच्या घराकडून, मला विचाराल तर, पहिल्या कामाला काही घेऊ नका.

त्याआधी जमीन कोणाच्या नावावर आहे ते बघा. टाकीखालच्या जागेचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद) काढा. अनेक ठिकाणी ती अजून बिल्डरच्याच नावावर असते आणि खणायला सुरुवात केल्यावर ते कळतं. सोसायटी नोंदवलेली नसेल तर नोंदवा, म्हणजे बँकेत खातं निघेल आणि कराराला सही करणारं कोणी असेल. आरोग्य केंद्राच्या आरोग्याधिकाऱ्यांना अशा प्रकरणात पाहणी करून नोटीस काढता येते, पंचायतीलाही दखल घ्यावी लागते. तो मार्ग खुला आहे, पण एकट्या खालच्या घराने तक्रार केली तर सगळी कॉलनी त्यांच्यावर रोष धरेल. जायची वेळ आलीच, तर निदान दहा घरांनी सह्या करून जा.

एक राहिलं. तुमच्या फोटोंतल्या तिसऱ्या चेंबरमध्ये डाव्या भिंतीतून एक पांढरा पाइप आत येताना दिसतो. बाकीचे मैल्याचे पाइप तळाशी जोडलेत, हा मात्र वरच्या अंगाला आहे आणि त्याच्या तोंडाखाली भिंतीवर हिरवं शेवाळ धरलंय. मैल्याच्या पाइपाखाली असं हिरवं शेवाळ सहसा येत नाही. तो कुठल्या घरातून येतो ते आज रात्री बघा, आणि त्या घरातल्या माणसांना बरोबर घेऊनच बघा.